त्वचारोग, स्वयंप्रतिरक्षित : प्रतिरक्षा-कोशिका चिकित्सा

शरीराचे संरक्षण करणारी प्रतिरक्षा यंत्रणा काही व्यक्तींमध्ये स्वतःच्याच त्वचेतील घटकांना परके समजून त्यांवर हल्ला करते. त्यातून उद्‌भवणाऱ्या विकारांना स्वयंप्रतिरक्षित त्वचारोग म्हणतात. पेंफिगस, पेंफिगॉइड, कोड, त्वक्काठिण्य, त्वक्स्नायुशोथ व ल्युपस हे त्यांतील प्रमुख होत. प्रतिरक्षा यंत्रणेतील कोशिका शरीराबाहेर काढून, त्यांची निवड, वाढ अथवा जननिक पुनर्रचना करून त्या रुग्णाच्या शरीरात परत सोडणे व त्यांच्याकरवी हा चुकीचा हल्ला थांबविणे, या उपचारपद्धतीस प्रतिरक्षा-कोशिका चिकित्सा म्हणतात. ही पद्धती प्रथम रक्ताच्या कर्करोगांसाठी विकसित झाली. स्वयंप्रतिरक्षित रोगांतील तिचे पहिले लक्षणीय यश २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्वचारोगांपुरती ती अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहे. भारतात पूर्णतः विकसित झालेली अशा प्रकारची पहिली चिकित्सा मुंबईत तयार झाली, त्यामुळे महाराष्ट्रातील रुग्णांच्या व वैद्यांच्या मनात तिच्याविषयी साहजिकच उत्सुकता आहे.

रोगाचे स्वरूप : या गटातील ज्या रोगाची यंत्रणा सर्वांत स्पष्टपणे उलगडली आहे तो पेंफिगस. बाह्यत्वचेतील कोशिका विटांप्रमाणे एकमेकींना चिकटून असतात. त्यांना जोडणाऱ्या पदार्थांत डेस्मोग्लीन नावाची प्रथिने महत्त्वाची असतात. पेंफिगसमध्ये रुग्णाच्या बी-लसीका कोशिका डेस्मोग्लीन-३ आणि पुष्कळदा डेस्मोग्लीन-१ यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. ही प्रतिपिंडे सांध्यावर बसली की कोशिका सुट्या होतात व बाह्यत्वचेच्या आतच पोकळी पडून सैल, सहज फुटणारे फोड येतात. निरोगी दिसणारी त्वचा बोटाने दाबून घासली तरी ती सरकते. पेंफिगॉइडमध्ये भेग बाह्यत्वचेच्या खाली पडते, म्हणून त्यातील फोड ताठ असतात व लवकर फुटत नाहीत. रुग्णाच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात, हे बॉयटनर व जॉर्डन या अमेरिकी संशोधकांनी १९६४ मध्ये अनुस्फुरणाच्या तंत्राने दाखविले. आमागाई, स्टॅन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये पेंफिगसमधील प्रतिजनाचे जीन वेगळे करून ते कोशिकांना जोडणाऱ्या प्रथिनांच्या कुलातील असल्याचे सिद्ध केले. शरीराचा शत्रू नेमका कोणता हे इतक्या नेमकेपणाने माहीत असलेले स्वयंप्रतिरक्षित रोग थोडेच आहेत. कोशिका-चिकित्सेच्या संशोधकांनी पेंफिगसकडे लवकर लक्ष वळविले ते यामुळेच.

बहुसंख्य रुग्णांत पेंफिगसची सुरुवात तोंडात होते. जीभ, गाल व घसा यांवर न भरणारे व्रण पडतात, तिखट सोसत नाही, पुढे भाकरीचा घासही गिळवत नाही. ‘तोंड आले आहे’ असे समजून रुग्ण कित्येक महिने जीवनसत्त्वांच्या गोळ्या व तोंडात लावण्याची मलमे यांवर काढतो. अंगावर फोड येतात तेव्हा कोठे निदानाची दिशा सापडते. भारतात हा रोग पुष्कळदा ऐन कर्त्या वयात, तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिसतो. महिनाभर न भरलेला तोंडातील व्रण तज्ञाला दाखविलाच पाहिजे, एवढा एक नियम पाळला गेला तरी पुष्कळ रुग्णांची आबाळ टळेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कोडाची यंत्रणा निराळी आहे. येथे प्रतिपिंडांपेक्षा टी-लसीका कोशिकांचा वाटा मोठा असून त्या कृष्णरंजक तयार करणाऱ्या कोशिकांचा नाश करतात. हल्ला ओसरल्यावरही या टी-कोशिकांपैकी काही त्वचेत ठाण मांडून राहतात व अनुकूल संधी मिळताच त्याच जागी डाग पुन्हा उमटवितात. रंजक-कोशिकांचे रोपण ही कोडावरील शस्त्रक्रिया रोग किमान वर्षभर स्थिर असल्याखेरीज करीत नाहीत, याचे कारण हेच. नवे रोप लावावे आणि शेतातली जुनी कीड तशीच असावी, असा तो प्रकार होतो. हे रोपण कोशिकांचे असले तरी प्रतिरक्षा-कोशिकांचे नव्हे, हा भेद ध्यानात ठेवावा. ‘कोड’ हा शब्द मूळ संस्कृत ‘कुष्ठ’ वरून आला आहे. नावाच्या या नात्यामुळे महारोगाविषयीची भीती निष्कारण कोडालाही चिकटली व अनेक मुलींच्या विवाहांत आडवी आली. कोड संसर्गजन्य नाही व त्याचा महारोगाशी काहीही संबंध नाही. [⟶ कोड, त्वचा].

पूर्वीचे उपचार : १९५० च्या सुमारास कॉर्टिकोस्टेरॉइड औषधे येण्यापूर्वी पेंफिगस बहुधा प्राणघातक ठरे. उघड्या पडलेल्या त्वचेतून द्रव व प्रथिने झिरपून आणि जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दगावत असे. स्टेरॉइडांनी मृत्यूचे प्रमाण एकदम घटविले. मात्र मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मधुमेह, हाडांची ठिसूळता, मोतीबिंदू आणि क्षयरोगासारखे संसर्ग हे त्यांचे मोल रुग्णाला द्यावे लागते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जे. एस. पसरिचा व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली स्पंद-उपचार पद्धती ही या क्षेत्रातील भारताची मोठी देणगी होय. तीत दर चार आठवड्यांनी लागोपाठ तीन दिवस १०० मिग्रॅ. डेक्सामेथासोन शिरेवाटे देतात. त्यांपैकी एका दिवशी ५०० मिग्रॅ. सायक्लोफॉस्फामाइडही देतात आणि मधल्या काळात त्याची लहान मात्रा रोज पोटात घ्यावयाची असते. औषधे स्वस्त व सर्वत्र मिळणारी असल्यामुळे ही पद्धती देशभर रुजली आणि हजारो रुग्णांना तिने उभे केले. सायक्लोफॉस्फामाइडामुळे येऊ शकणारे वंध्यत्व हा तिचा मोठा दोष होय.

पुढील पाऊल बी-कोशिका नष्ट करण्याचे होते. या कोशिकांवरील सीडी-२० या खुणेला चिकटणारे रिटुक्सिमॅब हे कृत्रिम प्रतिपिंड १९९७ पासून लसीकार्बुदावर वापरात होते. फ्रान्समध्ये पास्काल जोली व सहकाऱ्यांनी केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत रिटुक्सिमॅब व अल्पकाळ स्टेरॉइड घेतलेल्या ४६ रुग्णांपैकी ४१ रुग्ण दोन वर्षांनी औषधाविना रोगमुक्त होते, तर केवळ स्टेरॉइड घेतलेल्या ४४ पैकी १५ च. अमेरिकेत २०१८ मध्ये पेंफिगससाठी त्याला रीतसर मान्यता मिळाली. भारतात २००७ मध्येच हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजने या औषधाची स्वस्त प्रतिकृती बाजारात आणली होती, त्यामुळे येथील त्वचारोगतज्ञांना त्याचा अनुभव बराच आहे. उणीव अशी की रक्तातील बी-कोशिका नाहीशा झाल्या तरी लसीका ग्रंथींत व इतर ऊतकांत काही दडून राहतात. त्यांपैकी ज्यांनी डेस्मोग्लीनची ‘ओळख’ जपून ठेवलेली असते, त्या कालांतराने पुन्हा वाढू लागतात आणि रोग उलटतो.

कार-टी चिकित्सा : दडून राहिलेल्या कोशिकांपर्यंत पोहोचण्यासाठी औषधाऐवजी जिवंत कोशिकाच पाठवावी, ही कोशिका-चिकित्सेमागील मूळ कल्पना होय. टी-कोशिका ऊतकांत शिरू शकते, लक्ष्य गाठल्यावर तिची संख्या वाढते व ती काही काळ पहारा देत राहते. रिटुक्सिमॅबचा रेणू यांपैकी काहीच करू शकत नाही.

प्रथम रुग्णाच्या रक्तातील श्वेत कोशिका यंत्राद्वारे वेगळ्या काढून उरलेले रक्त त्याला परत देतात. त्यांतील टी-कोशिका निवडून, निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत एक नवे जीन घालतात. या जीनमुळे कोशिकेच्या पृष्ठभागावर एक कृत्रिम ग्राही तयार होतो. त्याचा बाहेरील भाग प्रतिपिंडाचा, म्हणजे लक्ष्य ओळखणारा, आणि आतील भाग टी-कोशिकेचा, म्हणजे मारण्याचा आदेश देणारा असतो. नर व सिंह यांच्या सांध्यातून नरसिंह व्हावा तसा हा संकरित ग्राही आहे व इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘कार’ म्हणतात. बहुतेक वेळा बी-कोशिकांवरील सीडी-१९ ही खूण त्याचे लक्ष्य असते. प्रयोगशाळेत या कोशिकांची संख्या वाढविण्यास व कसोट्या पूर्ण करण्यास साधारण दोन-तीन आठवडे लागतात. मग रुग्णाला फ्लुडाराबीन व सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे देऊन त्याच्या शरीरात नव्या कोशिकांना जागा करून देतात आणि एकदाच, शिरेवाटे, कोशिका सोडतात.

जर्मनीतील एर्लांगेन येथे गेओर्ख शेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वांगीण ल्युपस झालेल्या एका वीस वर्षांच्या तरुणीवर हा उपचार प्रथम केला. त्याचे वृत्त २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये याच गटाने १५ रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी आठांना ल्युपस, चौघांना त्वक्काठिण्य व तिघांना स्नायुशोथ होता. शरीराच्या वजनाच्या दर किग्रॅ.मागे १० लाख कोशिका, अशी मात्रा होती. ल्युपसचे आठही रुग्ण रोगमुक्त अवस्थेत गेले आणि सर्व १५ जणांची प्रतिरक्षा दडपणारी औषधे बंद करता आली. पाठपुराव्याचा मध्यक काल १५ महिन्यांचा होता. यापेक्षाही अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. साधारण साडेतीन-चार महिन्यांनी रुग्णांच्या रक्तात बी-कोशिका परत आल्या, पण त्या नवजात, काहीही न शिकलेल्या होत्या. रोगाची आठवण बाळगणाऱ्या जुन्या कोशिका परतल्या नाहीत. दुसरीकडे पूर्वी घेतलेल्या लशींमुळे मिळालेली प्रतिपिंडे बहुतांशी टिकून राहिली, कारण ती बनविणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा कोशिकांवर सीडी-१९ ही खूण नसते. येथेच एक प्रश्नही उभा राहतो. ज्या रोगात अपायकारक प्रतिपिंडे याच दीर्घायुषी कोशिकांकडून येत असतील, त्यात हा उपचार अपुरा पडेल. पेंफिगसमध्ये बी-कोशिका गेल्यावर डेस्मोग्लीनविरोधी प्रतिपिंडे बऱ्याच रुग्णांत उतरतात, ही त्या दृष्टीने आशादायक बाब होय.

अपाय लहान नाहीत. कोशिका कामाला लागल्या की रक्तात दाहजनक द्रव्यांचा लोंढा येतो. तीव्र ताप, रक्तदाब उतरणे व श्वास लागणे ही त्याची लक्षणे असून क्वचित भ्रम व आचके येतात. स्वयंप्रतिरक्षित रोगांत हे परिणाम कर्करोगातल्यापेक्षा सौम्य आढळले आहेत. त्यानंतर काही महिने संसर्गाचा धोका राहतो. कर्करोगासाठी कार-टी घेतलेल्या थोड्या रुग्णांत टी-कोशिकांचाच नवा कर्करोग उद्‌भवल्याचे आढळल्यामुळे अमेरिकी औषध प्रशासनाने २०२४ मध्ये या वर्गातील औषधांवर तशी ठळक सूचना छापणे बंधनकारक केले. मरणाच्या दारातील कर्करुग्णाने हा धोका पत्करणे आणि चाळिशीतल्या कोडाच्या रुग्णाने तो पत्करणे यांत महदंतर आहे. कोडासाठी हा उपचार आज कोणी सुचवीत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

इतर प्रकार : सर्व बी-कोशिका मारण्याऐवजी केवळ अपराधी तेवढ्याच टिपाव्यात, हा विचार पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एमी पेन, मायकेल मिलोन इत्यादींनी २०१६ मध्ये मांडला. त्यांनी टी-कोशिकेवर प्रतिपिंडाऐवजी डेस्मोग्लीन-३ चाच तुकडा बसविला. डेस्मोग्लीनविरोधी बी-कोशिका त्या आमिषाला चिकटते आणि स्वतःच मारली जाते. उंदरांवरील प्रयोगांत ही युक्ती सुरेख चालली. माणसांवरील पहिल्या चाचण्यांत मोठे अपाय दिसले नाहीत, पण प्रतिपिंडेही अपेक्षेइतकी उतरली नाहीत. तरीही या विषयातील सर्वांत देखणी कल्पना हीच आहे, असे म्हणावेसे वाटते.

हल्ला करणाऱ्यांना मारण्याऐवजी त्यांना आवरणाऱ्या नियामक टी-कोशिका वाढवून देणे, हा दुसरा मार्ग होय. या कोशिकांचा शोध शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये लावला व त्याबद्दल त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासमवेत २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ल्युपसमुळे त्वचा बाधित झालेल्या एका रुग्णाला अशा कोशिका दिल्यावर त्या त्वचेत जाऊन साठल्याचे २०१९ मध्ये नोंदले गेले. एका रुग्णावरून निष्कर्ष काढता येत नाही. त्वक्काठिण्यात स्वतःच्याच रक्तजनक मूलकोशिकांचे रोपण अधिक जुने व अधिक सिद्ध आहे. मात्र २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूरोपीय चाचणीत पहिल्याच वर्षी सु. १० टक्के रुग्ण उपचारामुळे दगावले होते.

‘स्टेम सेल’ या नावाखाली कोड, सोरियासिस, केस गळणे अशा अनेक तक्रारींवर सलाइनमधून कोशिका देण्याच्या जाहिराती शहरांतून दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य रक्तविकार सोडल्यास मूलकोशिकांचा वापर नोंदणीकृत चाचणीबाहेर करणे अनैतिक ठरते, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नसतात. जेथे आधी पैसे मागितले जातात तेथे चाचणी चाललेली नाही, एवढे ओळखणे कोणालाही शक्य आहे.

महाराष्ट्रातील कार्य : पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत राहुल पुरवार व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीडी-१९ विरोधी कार-टी कोशिका तयार केल्या आणि टाटा स्मारक केंद्राच्या वैद्यांनी त्यांच्या चाचण्या घेतल्या. पहिला रुग्ण २०२१ मध्ये खारघर येथील केंद्रात उपचार घेऊन गेला. केंद्रीय औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ या नावाने तिला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण करण्यात आली. ही मान्यता बी-कोशिकांपासून उद्‌भवणाऱ्या, इतर उपचारांना न जुमानणाऱ्या रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे, त्वचारोगांसाठी नाही. तिचा खर्च सु. ४० लाख रुपयांच्या घरात सांगितला जातो. अमेरिकेतील तत्सम औषधाची नुसती किंमतच याच्या आठ-दहा पट असते, हे पाहता ही कामगिरी मोठी आहे. त्याचबरोबर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला सर्वसाधारणपणे मिळू शकणारी रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत आहे, हेही पाहावे लागते.

भोर-वेल्हे परिसरातील व्यवहार : असा उपचार उद्या त्वचारोगांसाठी मान्य झाला, तर तो खेड्यातील रुग्णाला कितपत झेपेल, हे पाहण्यास पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (नवे नाव राजगड) या तालुक्यांचे उदाहरण उपयोगी पडते. तालुक्याची ठिकाणे पुण्यापासून ५० ते ६० किमी.वर, म्हणजे नकाशावर फार दूर नाहीत. परंतु भाटघर व नीरा-देवघर धरणांच्या फुगवट्यापलीकडील, वरंध घाटाच्या बाजूची किंवा तोरण्या-राजगडाच्या पायथ्याची गावे आणि वाड्या पावसाळ्यात वेगळ्याच अंतरावर जातात. पुष्कळ ठिकाणी रात्री मुक्कामाला येऊन पहाटे सुटणारी एस. टी. हेच रुग्णालय गाठण्याचे साधन असते.

कार-टीनंतरचे पहिले काही आठवडे रुग्णाने अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयाच्या जवळपास राहणे आवश्यक असते. अर्ध्या रात्री ताप चढला तर सकाळच्या गाडीची वाट पाहून चालत नाही. भोरहून खारघर सु. १७० किमी. आहे. रुग्णाबरोबर घरचे एक माणूस महिना-दीड महिना तेथे राहणार, आणि तो काळ आषाढातल्या भातलावणीचा असला तर घरचे वर्षाचे पीकच पणाला लागते. लावणीची अडचण आजच्या उपचारांतही येते. अंगावर उघडे व्रण असलेल्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाने दिवसभर चिखलात उभे राहणे म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण होय. मातीतून पायाच्या त्वचेवाटे शिरणारा स्ट्राँगिलॉइडस नावाचा कृमी एरवी उपद्रव देत नाही, पण स्टेरॉइडांच्या प्रभावाखाली तो सर्व शरीरात पसरून जीव घेऊ शकतो. म्हणून शौचाची तपासणी, छातीचे क्ष-किरण चित्र आणि ‘ब’ प्रकारच्या यकृतशोथाची रक्ततपासणी उपचारापूर्वी करून घेतात. रिटुक्सिमॅबने हा सुप्त यकृतशोथ पुन्हा उफाळून येतो व कार-टीनेही येऊ शकतो.

आणखी एक नेहमीचा घात म्हणजे बरे वाटताच गोळ्या थांबविणे. पेंफिगसचे व्रण भरले की रुग्णाला रोग गेला असे वाटते. पुण्याला जाण्याचा खर्च व बुडणारी मजुरी यांचाही त्या निर्णयात वाटा असतो. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यास अधिवृक्क ग्रंथी ऐनवेळी साथ देत नाहीत व रुग्ण कोसळतो. रोग उलटतो तो वेगळाच.

निदानाचे काम मात्र गावाजवळ आणता येण्यासारखे आहे. त्वचेचा लहानसा तुकडा मायकेल माध्यम नावाच्या द्रवात ठेवल्यास बर्फाशिवाय काही दिवस टिकतो आणि अनुस्फुरण परीक्षेसाठी पुण्याला पाठविता येतो. डेस्मोग्लीनविरोधी प्रतिपिंडांची पातळी रक्ताच्या नमुन्यावरून मोजता येते. तुकडा काढता येणारा वैद्य व नमुना पोहोचविणारी व्यवस्था एवढे दोन दुवे तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात असले, तर रुग्णाच्या पहिल्या दोन फेऱ्या वाचतात. लवकर दिलेले रिटुक्सिमॅब उशिरा दिलेल्यापेक्षा अधिक चांगले लागू पडते. आजच्या घडीला भोर-वेल्ह्यातील पेंफिगसच्या रुग्णाचे हित कार-टीपेक्षा या दोन दुव्यांत अधिक आहे.

कोशिका शरीराबाहेर काढण्याची गरजच न ठेवणारी एक रीतही प्रयोगात आहे. तीत ‘कार’ ग्राहीचा संदेश देणारे आरएनए मेदाच्या सूक्ष्म कणांत भरून सुईने टोचतात व टी-कोशिका शरीरातल्या शरीरातच तात्पुरत्या बदलतात. विषाणूने जीन घालण्याची व पूर्व-रसायनोपचाराची गरज तीत उरत नाही आणि खर्चही बराच कमी होण्याचा संभव आहे. ल्युपसच्या मोजक्या रुग्णांवरील तिचे पहिले निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी या रुग्णांचा पाठपुरावा काही महिन्यांचाच होता.